घाटाच्या खालून

प्रकाशाच्या घाटावर उखा भोई जाळं सांधत बसला होता
आणि मी त्याला सांगत होते
चारशे किलोमीटर वरची गोष्ट.

एक यान आहे, दादा, त्यात माणूस नाही.
एक स्थानक आहे, त्यात सहा माणसं.
दोघंही पळतात, दोन सेकंदांत प्रकाशाहून शहादा,
आणि एवढ्या पळापळीत एकमेकांना लागायचं
मुंगीच्या पावलानं.

वल्हवस कोन? त्यानं विचारलं.

कोणीच नाही. हिशेब वल्हवतो.
तो हिशेब मी करत नाही,
मी फक्त त्याच्या उशाशी बसून कुरकुरते:
हे बंद पडलं तर?
हे आंधळं झालं तर?
याला दिसतंय, पण भलतंच दिसतंय, तर?
ऑफिसात मला पनवती म्हणतात. प्रेमानं म्हणतात,
तरी म्हणतातच.

उखा काही बोलला नाही. सुतळी ओढली.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा तापी चहाच्या रंगाची वाहत होती.
बॅरेज नव्हतं, पाणी पाण्यासारखं वागायचं.
होडीत आम्ही अकरा माणसं, एक शेळी, मिरच्यांची दोन पोती,
आणि याने घाट सोडून होडी खाली जाऊ दिली.
घाट मागे राहिला! मी ओरडले.
पायऱ्या मागे गेल्या, धुणं आपटणाऱ्या बाया मागे गेल्या,
पिंपळ मागे गेला.
मग यानं बांबू रोवला
आणि काठाकाठानं, वीत वीत,
धारेच्या तोंडावर होडी वर चढवत आणली.

"बांबू सुटना त नाव कोठे जाई,
हाई पह्यले इचार."

सुटला असता तर नदीनंच नेलं असतं आम्हाला
पायऱ्यांपासून लांब.
वरून आलो असतो, तर त्याच नदीनं
पायऱ्यांवर आपटलं असतं.

ते यानही खालूनच येतं, दादा,
पृथ्वीच्या बाजूनं, चढणीनं.
इंजिनं विझली तर खालची वाट त्याला ओढून नेते,
स्थानकापासून दूर, आपोआप,
कोणी बटण दाबायला जागं नसलं तरी.
हे गणित मला पुस्तकातून चार वेळा वाचावं लागलं.
पाचव्यांदा शेळीचा वास आला
आणि समजलं.

मंग त्या रातले काय झायं?

त्या रात्री अडीचशे मीटरवर ते थांबलं. ठीक.
पुन्हा निघालं. तीस मीटरवर थांबायचं होतं.
लेझर म्हणालं तीस.
कॅमेरा म्हणाला चौतीस.
चार मीटर म्हणजे किती?
एक बैलगाडी, जू धरून.
दोघांपैकी एक खोटं बोलत होतं
आणि कोण, ते ठरवायला थांबणं
हेसुद्धा पुढे सरकणंच असतं.
म्हणून त्यानं तोंड न वळवता
मागे पाय घेतला.

खोलीत कोणी टाळी वाजवली नाही.
पेढ्यांचा डबा टेबलाखाली गेला.
चारच मीटर तर होते, असं कोणीतरी म्हणालं,
मला नाही, भिंतीला.
आणि मागे फिरण्याची ती ओळ
माझ्याच कुरकुरीपायी घातलेली होती.

उखानं गाठ दातात धरून आवळली.
परत फिरता येस तिले?
येतं.
मंग नाव चांगली शे.

पुलावरून केळ्यांचा ट्रक गेला, मग दुसरा.
खाली पाणी अडवलेलं, जाड, कुठेच न जाणारं;
त्याचा बांबू आता म्हशीच्या गोठ्याला आडवा लावलाय.

आन ते सहा जन? त्यास्ले कळनं का?

एक जण खिडकीशी होता.
बाकीचे जेवत होते.

तो हसला, आणि मला आठवलं,
त्या दिवशी होडी घाटाला लागली तेव्हा
धुणं धुणाऱ्या बायांमधल्या एकीनंही
मान वर केली नव्हती.